खाटेखाली न मावलेली पेटी

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं गंगाखेडात पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्यांचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. जूनमध्ये वसतिगृहावर जाणारी पोरं पेट्या नेतात, दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या नेतात, लग्नसराईत पोरीला द्यायला म्हणून जरा रंगीत, फुलं काढलेल्या पेट्या जातात. हिशेब कधी मांडला नाही, पण चाळीस वर्षांत काही हजार पेट्या या हातांनी वाकवल्या असतील. पेपरला पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. विषय आहे शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा. पत्रेवाल्याचा त्याच्याशी काय संबंध, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून पत्र लांबलंय. छाटायचंच झालं तर मधलं छाटा, शेवटचं ठेवा. मागणी तिथं आहे.

दोन वर्षांमागं मे महिन्यात एका निवासी शाळेचं 30 पेट्यांचं काम आलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्म्याहून जास्त माझीच होती. तिथल्या क्लार्कनं फोनवर मापं सांगितली, 24, 15, 12. पक्कं करून घ्यावं म्हणून मी पावतीच्या पाठीमागं पेटी काढली, आकडे टाकले आणि फोटो पाठवला. ‘अशीच ना?’ ‘हो, अशीच.’ पेट्या झाल्या, टेम्पोत भरल्या, तिथं पोचलो. पहिली पेटी खाटेखाली सरकवायला गेलो तर खाटेच्या पट्टीला थडकली. खाटेखाली जागा 13 इंच आणि माझी पेटी 15 इंच उंच.

रात्री ते चित्र मोबाईलवर परत बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी मधोमध 24 बाय 15 चा एक चौकोन काढला होता आणि त्याच्या चारी अंगाला पट्ट्या. माझ्या मनात तो चौकोन म्हणजे पेटीची पुढची बाजू, कडी लागते ती. क्लार्कला तेच झाकण वाटलं. त्याचंही बरोबर होतं. बघणारा पेटीसमोर बसलाय की पेटीवर वाकलाय, हे त्या चित्रावरून सांगायला कोणाच्या बापाला जमलं नसतं. नुसती उंची जास्त असती तर कापून कमी केली असती, पण रुंदी 12 च निघाली होती, ती वाढवणार कुठून? सगळ्या 30 नव्यानं केल्या. पत्रा, रिव्हेट, कड्या, दोन पोरांची आठ दिवसांची मजुरी, टेम्पोचं दोन वेळचं भाडं. घरची तर अजूनही कुठला आकडा निघाला की ‘झाकणाचा का पुढचा?’ म्हणून विचारते.

हे रडगाणं मी ज्या गिऱ्हाइकापुढं गायलो ते नेमके चित्रकलेचे सर निघाले. रिटायर झालेले, ज्वारीसाठी कोठी न्यायला आलेले. त्यांनी माझंच पावतीपुस्तक माझ्यापुढं सरकवलं. ‘मिस्त्री, समोर ती पेटी आहे. बघा आणि काढा.’ मी काढली. ते हसले नाहीत, हे उपकारच. म्हणाले, ‘तुम्ही पेटी नाही काढली. पत्रा काढलात.’

शंभर टक्के खरं. डोळे मिटले तरी मला पेटी उलगडलेलीच दिसते. मधे बूड, चारी अंगाला बाजू, वरच्या कडेला तार भरायला सोडलेली पट्टी, कोपऱ्यात कात्रीचा छेद. 8 बाय 4 फुटांच्या पत्र्यात बाजू कशा बसवल्या की कतरण कमी पडेल, त्याच हिशेबानं डोकं चालतं. कडी लागली की पेटी माझ्या लेखी संपली, मग ती गिऱ्हाइकाची. ती कशी दिसते हे मी चाळीस वर्षांत बघितलंच नव्हतं.

सर म्हणाले, ‘तुम्हाला जे ठाऊक आहे ते तुम्ही काढलंत. आता दिसतंय ते काढा. आणि दिसतंय म्हटलं की पहिला सवाल, तुमची नजर कुठंय?’

‘इथंच की सर. स्टुलावर.’

‘तेवढंच लागतं.’

माझ्या दुकानात डाव्या हाताला अँगलचा रॅक आहे. फळ्या टाकलेल्या नाहीत, नुसते अँगल, त्यावर एकीवर एक थोडी जागा सोडून पेट्या ठेवलेल्या. सरांनी मला स्टुलावरून न हलता खालून वर बघत जायला लावलं. सगळ्यात खालच्या पेटीचं झाकण चांगलं पसरून दिसत होतं. दुसरीचं त्याहून चपटं. तिसरीचं तर सुतळीएवढं. चौथीचं झाकणही नाही न् बूडही नाही, नुसती पुढची बाजू, जशी भिंतीला चिकटवलेली. आणि पाचवीचं बूड दिसायला लागलं, त्यावर एक उडालेला रिव्हेटसुद्धा. सगळ्या पेट्या एकाच मापाच्या, एकाच दिवशी केलेल्या. मग म्हणाले, उभे राहा. उभा राहिलो तर चौथीचं झाकण उघडं पडलं आणि पाचवीचं बूड गायब. रोज शंभरदा ऊठबस करतो मी त्या रॅकसमोर.

जी पेटी नुसती सपाट दिसते तिच्या अंगातून एक आडवी रेघ जाते, आपल्या डोळ्याच्या उंचीची. तिला क्षितिजरेषा म्हणतात. मला वाटायचं क्षितिज म्हणजे रानात, आभाळ टेकतं तिथं. ते शटर ओढलेल्या दुकानातसुद्धा असतं आणि आपल्याबरोबर उठतं-बसतं, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. रेघेच्या खाली असलेल्या पेटीचं झाकण दिसणार, वर असलेल्या पेटीचं बूड. माझ्या पावतीवर ती एक रेघ असती तर क्लार्कला आणि मला भांडायला जागाच राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्टेशनवर बोलावलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून परळीकडं जाणारे रूळ बघायचे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर, म्हणजे साडेपाच फूट, आणि ते परळीपर्यंत तेवढंच राहतं. पण डोळ्याला ते जवळ येत येत एका ठिपक्यात शिरतात. पुस्तकात त्याला लोपबिंदू म्हणतात, सर व्हॅनिशिंग पॉइंट म्हणायचे. रुळांचं हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. मला ज्यानं गार केलं ते वेगळंच. प्लॅटफॉर्मची कड आपल्या डोळ्याच्या खाली आहे, ती लांब जाताना वर चढते. शेडच्या पत्र्याची कड डोळ्याच्या वर आहे, ती लांब जाताना खाली उतरते. आणि दोघी जातात त्याच ठिपक्याकडं, जिथं रूळ गेलेत. रुळांना समांतर असलेली प्रत्येक रेघ तिथंच जाणार. मी खाली बसलो तर ठिपका खाली आला, उभा राहिलो तर वर गेला. अशा चार-पाच उठाबशा झाल्यावर बोचकं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, ‘काही हरवलं का मामा?’

हे झालं रूळ सरळ समोर असताना. पेटी मात्र गिऱ्हाईक नेहमी कोपऱ्याकडून बघतं. मग दोन ठिपके लागतात, लांबीच्या रेघांचा एक आणि रुंदीच्या रेघांचा एक, दोन्ही त्याच क्षितिजरेषेवर. ते कागदाच्या बाहेर पडतात आणि तिथंच बहुतेक लोक सोडून देत असावेत. मी पत्रेवाला, मला जागेची काय कमी? 8 बाय 4 चा अख्खा पत्रा जमिनीवर टाकला, त्यावर दोरीनं एक आडवी रेघ मारली आणि रेघेच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकले, साडेसात फुटांवर. मधे, रेघेच्या जरा खाली, कागद चिकटवला. प्रत्येक खिळ्याला दोरा. आता कागदावर पेटीचा आपल्याजवळचा कोपरा म्हणून एक उभी रेघ काढायची. डाव्या खिळ्याचा दोरा तिच्या वरच्या टोकावर ताणून रेघ, मग खालच्या टोकावर ताणून रेघ. उजव्या खिळ्याचं तसंच. लांबी-रुंदी कुठं तोडायची ते अंदाजानं ठरवून दोन उभ्या रेघा. झाकणासाठी डाव्या कोपऱ्यावरून उजव्या खिळ्याचा दोरा, उजव्या कोपऱ्यावरून डाव्या खिळ्याचा दोरा, आणि ते एकमेकांना जिथं कापतील तिथं पेटीचा मागचा कोपरा. तो कोपरा मी ठरवलाच नव्हता. दोन दोऱ्यांनी आपसात ठरवला. हातातली पेन्सिल तशीच ठेवून मी घटकाभर बघत बसलो होतो.

पहिल्या दिवशी मात्र मी आळस करून खिळे दीड फुटावरच ठोकले होते. पेटी निघाली ती शिंगाड्यासारखी. माझ्या धंद्याच्या भाषेत त्याची खूण अशी सांगता येईल, की झाकणाचा आपल्याजवळचा कोपरा कागदावर गुण्यापेक्षा, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीपेक्षा, उघडाच दिसायला पाहिजे. तिथं गुण्या लावून बघा. कोपरा गुण्याच्या आत गेला, म्हणजे काटकोनापेक्षा चिंचोळा झाला, की समजायचं खिळे फार जवळ आलेत.

मग कडीची भानगड. कडी पुढच्या बाजूच्या बरोबर मध्यावर लागते. मी चित्रातली ती बाजू फूटपट्टीनं मोजली, निम्म्यावर खूण केली, कडी काढली. कडी सरकल्यासारखी दिसायला लागली, जणू कोणी कुलूप तोडायला गेलं होतं. जवळची अर्धी बाजू डोळ्याला मोठी दिसते आणि लांबची अर्धी लहान, मग मध्य फूटपट्टीवर कसा सापडेल? सरांनी त्या बाजूच्या कोपऱ्या-कोपऱ्याला दोन तिरप्या रेघा मारल्या. कापल्या तिथं मध्य. मी कपाळावर हात मारला. अहो, पत्रा कापल्यावर चौकोन गुण्यात आहे का नाही हे आम्ही असंच बघतो. दोन्ही तिरपी मापं घ्यायची, सारखी भरली तर गुण्यात, दोन सुतांचा फरक निघाला तर पेटी वाकडी. कर्ण म्हणतात त्याला, हेही मला नात शिकत होती तेव्हा कळलं. रोज हातात असलेलं हत्यार दुसऱ्या कामालाही चालतं हे कोणीतरी दाखवावं लागतं.

खिळे आणि दोरे काही गिऱ्हाइकासमोर मांडता येत नाहीत, म्हणून सरांनी नुसत्या हातानं काढायची सवय लावली. शटर ओढायच्या आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं रोज दोन पेट्या. पेटी काचेची समजायची आणि न दिसणाऱ्या कडासुद्धा काढायच्या, मागचा खालचा कोपरासुद्धा. पत्र्याच्या आड चूक लपते, काचेत लपत नाही. मग लाल पेननं प्रत्येक रेघ मागं वाढवत न्यायची आणि एका दिशेच्या चारही रेघा एकीकडं जातात का बघायचं. माझ्या महिनाभर गेल्या नाहीत. मागच्या रेघा मिटत जायच्या ऐवजी फाकायच्याच, कोंबडीच्या पायासारख्या. पेटीच्या बाजू समांतर असतात हे हाताला इतकं पाठ झालेलं, की डोळ्याचं तो ऐकेचना. दुसऱ्या महिन्यात तीन रेघा एकीकडं आणि एक बंडखोर, एवढ्यावर आलं. आजही झाकणाची मागची कड मला फसवते.

याचा एक फायदा लगेच झाला. गिऱ्हाइकं मोबाईलवर पेटीचा फोटो पाठवून ‘पेटी खाली निमुळती झाली, वाकडी केलीत’ म्हणतात. पूर्वी मी गाडीभाडं खर्चून बघायला जायचो. आता विचारतो, फोटो उभं राहून, फोन खाली वाकवून, अगदी जवळून काढला का? तसाच काढलेला असतो. वरून खाली बघितलं की उभ्या कडासुद्धा खालच्या तिसऱ्या ठिपक्याकडं धावतात, आणि जितकं जवळून बघाल तितक्या जोरात. दहा पावलं मागं जा, फोन पेटीच्या मधल्या उंचीवर सरळ धरा आणि परत काढा म्हणतो. पेटी सरळ होते.

माझा पुतण्या आयटीआय झालेला आहे. तो म्हणाला, काका, एवढा खटाटोप कशाला, तीस अंशाचा कोन धरा आणि खोकं काढा, त्याला आयसोमेट्रिक म्हणतात. त्याचं खोटं नाही. त्यात समांतर रेघा समांतरच राहतात, कुठल्याही कडेवर फूटपट्टी ठेवून माप काढता येतं, वर्कशॉपात तेच सोयीचं. पण त्यात बघणारा माणूस कुठंच उभा नसतो. रॅकवरच्या पाचही पेट्या त्यानं काढल्या तर पाचहींची झाकणं सारखीच दिसली, सगळ्यात वरचीचंसुद्धा. आणि लांबडी पेटी काढली की मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी झाल्यासारखी वाटते. मी आता दोन्ही पाठवतो, मापासाठी त्याचं आणि समजण्यासाठी माझं.

हे कोणी शोधलं म्हणून सरांना विचारलं. इटलीतल्या फ्लॉरेन्स गावात ब्रुनेलेस्की नावाचा माणूस होता, मूळचा सोनारकामात शिकलेला. सोनार म्हणजे आमचाच थोरला भाऊ, बारीक पत्र्याचा. 1400 नंतरच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत त्यानं तिथल्या एका अष्टकोनी इमारतीचं चित्र लहान फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं आणि लोकांना फळीच्या मागून त्या भोकातून बघायला लावलं. समोर आरसा, आरशात चित्र. भोक पाडायचं कारण एकच, बघणाऱ्याचा डोळा त्यानं ठरवलेल्या जागीच राहावा. सरांचा ‘तुमची नजर कुठंय’ हा सवाल त्यानं फळीला छिद्र पाडून विचारला होता. पुढं 1435 मध्ये आल्बेर्टी नावाच्या दुसऱ्या एकानं ही रीत पुस्तकात लिहून काढली.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याआधीचे चित्रकार काय अडाणी होते? मलाही तसंच वाटलं होतं. मागच्या हिवाळ्यात लेकीकडं संभाजीनगरला गेलो तेव्हा जावयानं अजिंठा दाखवला. सरांनी बजावलं होतं, की माणसांचे चेहरे सगळेच बघतात, तुम्ही खोकी बघा. 17 नंबरच्या लेण्यात पाचव्या शतकातली चित्रं आहेत. त्यात बारीक खांबांचे मंडप आहेत, आणि अजिंठ्याच्या चित्रांत डोंगरसुद्धा खोक्यांवर खोकी रचल्यासारखे काढलेले दिसतात. त्यांच्या रेघा कुठल्या एका ठिपक्यात जात नाहीत. एक मंडप डावीकडून दिसतो, त्याला लागून दुसरा उजवीकडून. खोक्यांचे कोपरे तर आत जायच्या ऐवजी भिंतीतून आपल्याकडं येतात. कोणी एका जागी बसून बघावं असं ते चित्रच नाही, ते भिंतीलगत चालत बघायचं. त्या कारागिराला लांबचं लहान दिसतं हे ठाऊक नसेल असं मी तरी मानत नाही. परतीच्या दिवशी वेरूळला 10 नंबरच्या लेण्यात गेलो, लोक त्याला सुताराचं झोपडं म्हणतात, दगडात लाकडाच्या वाशांसारखं छत कोरलंय. दारात उभं राहिलो की दोन्हीकडचे खांब स्तूपाकडं असे धावतात की गंगाखेडचं स्टेशन आठवावं. ज्यांनी ते कोरलं त्यांना काय दिसत नव्हतं?

म्हणून लहान पोरानं खोक्याच्या सगळ्या बाजू एकदम काढल्या तर त्याला चूक म्हणू नये, असं माझं मत झालंय. त्याला ठाऊक आहे तेवढं सगळं त्यानं सांगितलं. मीही छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तेच करत होतो. पण दुसरी रीतही आहे हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि इथंच माझी तक्रार सुरू होते.

माझी नात आठवीत आहे, एलिमेंटरीला बसलीय. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा मला फार चांगल्या वाटतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, विषय बघा किती नीट निवडलेत. पुढं इंटरमिजिएटला घनभूमितीही येते. पण नातीच्या शाळेतले चित्रकलेचे सर तीन वर्षांमागं रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. तो तास आता गणिताला जातो, नाहीतर कोणाचाच नसतो. मग पोरांनी करायचं काय? नातीनं बाहेर क्लास लावला. तिथं तयार चित्रांचे झेरॉक्स मिळतात. आठवडी बाजार, पाणवठा, बसस्थानक. प्रत्येक दहा वेळा उतरवायचं, पाठ झालं पाहिजे.

तिचं बसस्थानकाचं चित्र मी बघितलं. बसच्या टपावरचं कॅरियर दिसतंय, म्हणजे बघणारा कुठंतरी माडीवर आहे. शेजारी चहाच्या टपरीच्या छपराचं बूड दिसतंय, म्हणजे बघणारा बाकड्यावर बसलाय. आणि फलाटावरची बाई अशी, की तिचं टोपलं आतपर्यंत दिसतंय, म्हणजे बघणारा तिच्यावर वाकलाय. एका कागदावर तीन क्षितिजं. मी विचारलं, ‘बाई, तू नेमकी कुठं उभी आहेस?’ ती म्हणाली, ‘आबा, मी कामून उभी राहू? ते तसंच असतं.’

संपादक महोदय, स्मरणचित्र म्हणजे बघितलेल्याचं स्मरण. ती ज्याचं स्मरण करत होती ते झेरॉक्सचं होतं. तिचं स्वतःचं बसस्थानक घरापासून दहा मिनिटांवर आहे. वस्तुचित्राचं तर त्याहून वाईट. चार पोरं वस्तूंभोवती चार जागी बसली की चौघांना चार वेगळी चित्रं दिसतात, बाकावर बसलेल्याला झाकण जास्त, जमिनीवर बसलेल्याला कमी. पाठ केलेलं चित्र त्यातल्या एकाच्याही जागेचं नसतं. मागच्या वर्षी एका पोरानं तांब्याचं तोंड दिसत नसतानाही उघडं काढलं आणि समोरचं खोकं उलटं, असं नातच सांगत होती. त्याला काय दोष द्यायचा?

तिला घेऊन मी स्टँडवर गेलो. बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं, बस विसर, ती एक लांबडी लाल पेटी आहे, खाली चाकं लागलीत. आपल्या डोळ्याची रेघ त्या पेटीच्या कुठून जाते ते आधी सांग. तिनं एक डोळा मिटून पेन्सिल हात लांब करून आडवी धरली. ‘चाकाच्या जरा वरून, आबा.’ मग टपाची कड? ‘खाली उतरायलीय.’ आणि चाकांची? ‘वर.’ कॅरियर दिसतंय का? ‘नाही की! मग त्यांनी कामून काढलं?’ परभणीची गाडी लागली, लोक चढले, आमची पेटी निघून गेली, चित्र अर्धं राहिलं. पण तेवढ्या पंधरा मिनिटांत जे झालं ते दहा झेरॉक्सांनी झालं नव्हतं.

माझी मागणी मोठी नाही. चित्रकलेच्या शिक्षकांच्या जागा भराव्यात हे तर आहेच, ते मोठ्या लोकांनी बघावं. तोपर्यंत गणिताच्या सरांनी तो तास घेतलाच आहे, तर वर्षातून दोन तास वर्गात मधोमध एक खोकं ठेवावं. साबणाचं, बिस्किटाचं, कसलंही. पोरांना आधी बाकावर, मग जमिनीवर बसवून काढायला लावावं. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला खडूनं एक रेघ मारावी. दोन खिळे आणि दोरा फळ्यावरही चालतो. कर्ण, समांतर रेघा, काटकोन, सगळं त्यात आपसूक येतं, म्हणजे गणिताचंही नुकसान नाही. त्यातलं कोणी पुढं सुतार होईल, कोणी फॅब्रिकेशन करेल, कोणी आरेखक होईल, कोणी इंजिनिअरिंगला जाईल आणि पहिल्याच वर्षी ग्राफिक्सच्या पेपरला घाबरणार नाही. आणि कोणी नुसतीच ज्वारी पेरली तरी गोठ्याचं शेड कसं हवंय ते वेल्डरला कागदावर दाखवता येईल. वेल्डरचं आणि शेतकऱ्याचं त्यावरून किती वाजतं, हे आमच्या ओळीतल्या दुकानदारांना विचारा.

एक मागणी तुमच्याकडंही आहे. रविवारी मुलांच्या पानावर तुम्ही ‘चित्र रंगवा’ छापता. माझ्या दुकानात ते पान दर रविवारी येतं आणि पोरं दहा मिनिटांत पिवळं-लाल करून टाकतात. त्याऐवजी एखाद्या रविवारी नुसती एक आडवी रेघ, तिच्यावर दोन ठिपके आणि मधे एक उभी रेघ छापा. खाली लिहा, ही पेटी पूर्ण करा. कडी मध्यावर लावा. शाईसुद्धा कमी लागेल.

त्या 30 मधल्या चार पेट्या अजून माझ्या माळ्यावर आहेत, बाकीच्या पडेल भावात गेल्या. गंगाखेड तालुक्यातल्या ज्या शाळांना वस्तुचित्राला हव्या असतील त्यांनी येऊन न्याव्यात. पैसे नकोत आणि परतही आणू नका. फक्त 15 इंच उंच आहेत, बाकाखाली सरकत नाहीत. टेबलावर ठेवाव्या लागतील.

आपला,
एक पेटीवाला
गंगाखेड, जि. परभणी
(नाव छापू नये ही विनंती. घरची पेपर रोज वाचते.)